घड्याळावर केलेली चेष्टा

नाशिक,
९ जून २०२४

ती. विलासदादांना नलिनीचा सा. नमस्कार.

परवा फोनवर मी "वहिनींचा गुडघा कसा आहे?" असं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तुम्ही "हो, इकडेही फार उकडतंय" म्हणालात. शेवटी वहिनींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "अगं, यांना पत्र लिही. कान नावालाच उरलेत, डोळे मात्र अजून सुईत दोरा ओवतात." म्हणून हे पत्र. हाताची सवय मोडली आहे, तेव्हा अक्षराला हसू नका.

काम तुमच्या धाकट्या भावाच्या घड्याळाचं आहे. सत्यजितनी जन्मात एकच हौस केली, ते स्विस घड्याळ. फेब्रुवारीत सत्यजित गेले आणि तिसऱ्या दिवशी घड्याळही बंद पडलं. तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, कपाटात ठेवून दिलं. आता तन्वीचं लग्न जानेवारीत ठरलंय आणि तिला बाबांचं घड्याळ हातात घालून उभं राहायचंय. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं, घड्याळ ठेवून जा, सहा आठवडे लागतील. दादा, चार महिन्यांत मी ते घराबाहेर काढलेलं नाही. सहा आठवडे माझ्यानं राहवणार नाही.

जमेल तेवढं घरीच करायचं ठरवलंय. साखळी तन्वीच्या मनगटाला मोठी होते, तीन कड्या काढाव्या लागतील. तिनं ऑनलाइन एकशे सत्तेचाळीस हत्यारांचा डबा मागवला. पहिल्याच कडीच्या स्क्रूवर पहिल्याच स्क्रू ड्रायव्हरचं तोंड पिळवटलं. स्क्रू जागचा हलला नाही. तुम्ही कारखान्यात जन्मभर मोजमापाची नाजूक यंत्रं दुरुस्त केलीत. मला कोणती हत्यारं घेऊ ते सांगा. आणि बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालू होईल का, तेही.

तुमची,
नलिनी


आनंद नगर, भोपाळ,
२१ जून २०२४

चि. नलिनीस अनेक आशीर्वाद.

वहिनीचा गुडघा बरा आहे. उकडतंयही.

आधी तो डबा उचल आणि माळ्यावर टाक. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, पण तुझं अंगण खरंच वाकडं आहे. त्या किमतीत एकशे सत्तेचाळीस हत्यारं देणाऱ्यानं लोखंडाऐवजी काय वापरलं असेल ते तूच समज. असं मऊ हत्यार स्वतः मोडतं तेव्हा नशीब म्हणायचं. मोडायच्या आधी ते निसटतं आणि घड्याळावर आपली सही करून जातं.

घड्याळ बंद पडलेलं नाही. ते हाताच्या हालचालीवर चालतं. हात थांबला की दोन-अडीच दिवसांत स्प्रिंग उतरते. तू चार महिने त्याला मेलेलं समजून बसलीस, ते झोपलंय. बाजूची चावी आपल्याकडे फिरवून आधी सैल कर, मग पुढच्या बाजूला सावकाश तीस वेळा फिरव, शेवटी आत दाबून पुन्हा घट्ट बसव. हे विसरलीस तर पाणी शिरेल.

आता हत्यारं. थोडी घे, पण चांगली घे.

सगळ्यात आधी डोळ्याला लावायचं भिंग. पाचपट मोठं दिसेल इतकं पुरे. दहापट घेशील तर चक्कर येईल. दिसल्याशिवाय हात लावायचा नाही, हा पहिला नियम. मग पेचकस, म्हणजे तुमचा स्क्रू ड्रायव्हर. एकच घे, पण कड्यांच्या स्क्रूच्या खाचेची रुंदी मोजून त्याच मापाचा, आणि पातं बदलता येणारा. पातं खाचेत टोपण बाटलीवर बसावं तसं बसलं पाहिजे. रुंद असेल तर कडीला चरे पाडेल, अरुंद असेल तर खाच खाईल. मनगटानं जोर लावायचा नाही, वरून तर्जनीनं दाब द्यायचा आणि दोन बोटांनी फिरवायचं. स्क्रू जास्त जोर मागू लागला तर थांब. चिमटा पितळेचा घे. पोलादाचा चिमटा पोलादाला ओरखडतो. मऊ ब्रश, चष्म्याचं कापड, आणि धूळ उडवायला एक फुगा. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. शेजारच्या हेमंतचं गोविंदपुऱ्यात कातकामाचं लेथ यंत्र आहे, त्याच्याकडून नायलॉनची बैठक कातून घेऊन पाठवतो. घड्याळ तिच्यात ठेवलं की घरंगळत नाही.

झालं. याहून जास्त विकायला कुणी आलं तर दार लावून घे.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नकोस. मागचं झाकण उघडू नकोस. आणि कुणी कितीही सांगो, पॉलिश करून घेऊ नकोस. पॉलिश म्हणजे घड्याळाची कातडी सोलणं. चरे हे माणसाचे असतात, कंपनीचे नाहीत.

विलासदादा


नाशिक,
१६ जुलै २०२४

ती. दादांना सा. नमस्कार.

चाललं! तीस कुठले, अकराव्या फेऱ्यालाच सेकंदकाटा सरकला. मी खुर्चीत बसले आणि रडले. मग उरलेल्या एकोणीस फेऱ्या दिल्या. तुम्ही 'झोपलंय' लिहिलंत त्या एका शब्दाचे तुमचे फार उपकार.

बैठक मिळाली. हेमंतभाऊंना सांगा, घड्याळ तिच्यात राजासारखं बसतं. भिंग घेतलं, पितळी चिमटा घेतला, पेचकस तर असा मिळाला की दुकानदारानं मापाची चार पाती समोर मांडली. फुगा आणायला तन्वीला पाठवलं होतं. तिनं वाढदिवसाच्या फुग्यांचं पाकीट आणलं, रंगीत, पन्नास नग! "काका म्हणालेत ना फुगा?" म्हणे. दोघी इतक्या हसलो. मग कळलं की तुम्ही रबरी गोळ्याला फुगा म्हणता, दाबला की फुस्स करणाऱ्या. तो आता आणलाय. पाकिटातले फुगे लग्नात लावू.

दोन कड्या निघाल्या. दोन्ही स्क्रू डबीत ठेवलेत. तिसरा हटूनच बसलाय.

आता तक्रार. घड्याळ रोज चार मिनिटं पुढे पळतं. आणि दुसरी गोष्ट. परवा पाठ ब्रशनं साफ करताना भिंगातून पाहिलं तर झाकणाच्या कडेपासून आत एक ओरखडा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा लांब आणि चांगलाच खोल. हा वापरातला चरा वाटत नाही. काहीतरी निसटून बसलेला वाटतो. सर्व्हिस सेंटरमध्ये कुणीतरी केला असेल का? मला फार वाईट वाटलं. सत्यजित घड्याळ टेबलावरसुद्धा रुमाल अंथरून ठेवायचे. तन्वी म्हणते, तेवढी पाठ पॉलिश करून घेऊ, दोन तासांचं काम आहे, समोर बसून करून देतात. तुम्ही पॉलिशला नाही म्हणालात. पण हा चरा कुणा परक्याचा आहे. काय करू?

लग्नाला दोघांनी आठ दिवस आधी यायचंय. कारण ऐकणार नाही.

नलिनी


भोपाळ,
३ ऑगस्ट २०२४

चि. नलिनीस आशीर्वाद.

पुढे पळतं म्हणजे घड्याळात चुंबक शिरलंय. फोनमधलं होकायंत्र उघडून घड्याळ त्याच्या बाजूनं फिरव, सुई हलली तर तेच. रात्री कशावर ठेवतेस? टॅबलेटच्या कव्हरला लोहचुंबक असतं. चुंबक उतरवायची छोटी पेटी पाठवतो आहे. घड्याळ वर ठेव, बटण दाबून धर, घड्याळ सावकाश हातभर वर उचल, मगच बटण सोड.

तो ओरखडा घासून घे. तन्वीला स्वच्छ घड्याळ मिळू दे.

लग्नाला वहिनी येईल. माझं कठीण आहे. कान नाहीत, गर्दीत उगाच सगळ्यांना ओरडावं लागतं.

विलासदादा

ता. क. नलिनी, मी मनोरमा लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ही संधी. तुझं पत्र आल्यापासून यांचं काही खरं नाही. बुधवारी बिट्टन मार्केटच्या भाजीच्या हाटात गेले आणि पिशवी रिकामीच घेऊन आले. हत्यारांची पेटी काढून बसतात, काम काहीच करत नाहीत. पेटीच्या तळाशी सत्यजितभाऊजींचं एक जुनं पत्र आहे. बारा वर्षांपासून आहे. मला दाखवत नाहीत. विचारलं तर कान बहिरे होतात. तू विचार. पत्राला तरी बहिरेपणाचं सोंग करता येत नाही.


नाशिक,
१९ ऑगस्ट २०२४

ती. दादांना सा. नमस्कार.

सुई गर्रकन फिरली. टॅबलेटचंच कव्हर होतं. पेटीवरून उचलल्यापासून घड्याळ दिवसाला चार सेकंदांवर आलंय. तन्वी तुम्हाला आता 'डॉक्टरकाका' म्हणते.

तुम्ही सांगितलंत म्हणून घड्याळ घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. "पाठ घासून द्या, मी समोर बसते," म्हटलं. काउंटरवरच्या बाईंनी नंबर घालून कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाल्या, "मॅडम, इथे सूचना आहे." स्क्रीन माझ्याकडे वळवली. सत्यजितनी दोनदा सर्व्हिसिंग करून घेतलं होतं, २०१६ आणि २०२१. दोन्ही वेळा खाली एकच वाक्य: 'मागच्या बाजूचा ओरखडा घासू नये. ग्राहकाची लेखी सूचना.'

मी घड्याळ पर्समध्ये टाकून परत आले.

दादा, माणूस रुमालावर घड्याळ ठेवतो आणि ओरखडा जपायला लेखी सूचना देतो, हे मला समजत नाही. तुमचंही समजत नाही. जूनमध्ये तुम्ही लिहिलंत पॉलिश म्हणजे कातडी सोलणं. ऑगस्टमध्ये लिहिता घासून घे. आणि वहिनी पत्राचं म्हणतात. तो ओरखडा कुणाचा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. हो ना?

मला रागावून लिहायचं नाहीये. पण खरं सांगा. ते घड्याळ आता माझ्याकडे आहे, तेव्हा त्याच्यावरचं सगळंच माझ्याकडे आलंय.

नलिनी


भोपाळ,
७ सप्टेंबर २०२४

चि. नलिनीस,

तो ओरखडा माझा आहे.

२०१२ची दिवाळी. तू तन्वीच्या परीक्षेमुळे नाशिकलाच होतीस, सत्यजित एकटा आला होता. घड्याळ नवं, वर्षाचंही नव्हतं. मिनिटभर मागे पडतं म्हणाला. मी म्हटलं, आण इकडे, यासाठी मुंबई-नाशिकची दुकानं कशाला? तो म्हणाला, "दादा, याचं मागचं झाकण उघडायला वेगळी किल्ली लागते." मला ते झोंबलं. कारखान्यात परदेशी साहेब यंत्र माझ्या टेबलावर ठेवून जायचे आणि हा मला किल्ली शिकवतो! मी तुटक्या कानशीच्या तुकड्याची किल्ली घासून बनवली. अर्धा तास लागला. फार ऐट होती मला त्या किल्लीची. खाचेत बसली, जोर दिला, आणि निसटली. बस.

त्यानं भिंगातून पाहिलंसुद्धा नाही. घड्याळ हातात घातलं, मनोरमाकडे चहा मागितला, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. पंधरा दिवसांनी त्याचं पत्र आलं. सोबत पाठवतो आहे. मी ते कुणाला दाखवलेलं नाही. शेवटची ओळ वाच. 'दादा, तू माझ्या घड्याळावर केलेली चेष्टा मी जन्मभर विसरणार नाही.'

बरोबरच लिहिलंय त्यानं. मी चेष्टाच केली होती. त्याच्या एकुलत्या एका हौसेची. त्यानंतर मी कुणाच्या घड्याळाला हात लावला नाही. त्याच्याशीही बोलणं टाळलं. कान जात चालले होते, ते सोयीचंच पडलं. फोन आला की मनोरमाकडे द्यायचा. तो शेवटी आजारी होता तेव्हा मी आलो, उशाशी दोन तास बसलो. त्याचे ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. माफी मागायची होती, पण तुम्ही सगळे खोलीत होता आणि मला माझाच आवाज किती मोठा येतो ते कळत नाही.

माझा भाऊ माझ्यावर रागावून गेला, नलिनी. ती सूचना त्यानं त्यासाठीच लिहिली असेल. त्याचा राग तन्वीच्या हातात जाऊ नये, म्हणून मी घासून घे लिहिलं. आता तू ठरव.

हत्यारांबद्दल तुला एवढं लिहिलं ते शहाणपण नव्हे. चुकीच्या हत्याराची किंमत मला माहीत आहे, एवढंच.

विलास


नाशिक,
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय दादा,

तुमचं पत्र काल आलं. सत्यजितचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा तुमचा भयंकर राग आला. चौथ्यांदा तन्वीला वाचून दाखवलं. तीही हसत हसत रडायला लागली.

तुम्हाला एक गोष्ट सांगते. १९८४, आमच्या घरी पाहण्याचा कार्यक्रम. तुम्ही नव्हतात, कारखान्यात काहीतरी मोठं काम चालू होतं. मामंजी, सासूबाई आणि सत्यजित आले होते. माझ्या वडिलांनी विचारलं, "आमच्या मुलीला सांभाळाल ना?" आणि तुमचे बंधुराज ताठ बसून म्हणाले, "तुमच्या मुलीला सुखात ठेवायची मी पूर्ण चेष्टा करीन."

वडिलांनी कप बशीत ठेवला. माझी आत्या आतून बाहेर आली. मी पोह्यांची थाळी घेऊन दारात उभी, मला हसू आवरेना. मग मामंजींनी हात जोडले. "अहो, गैरसमज नको. याची शाळा भोपाळची, हिंदी. तिथे चेष्टा म्हणजे प्रयत्न. कोशिश म्हटलं तर हिंदी वाटेल म्हणून बिचारा शुद्ध मराठी बोलायला गेला."

दादा, त्या शब्दावर आमचं लग्न ठरलं! पुढे चाळीस वर्षं त्यांनी तो सोडला नाही. लोक हसतात म्हणून मुद्दाम धरून ठेवला. तन्वीला प्रत्येक परीक्षेला, "चेष्टा कर बेटा, निकाल आपोआप येतो." मला पोळ्या नीट जमल्या नाहीत तर, "चेष्टा उत्तम आहे." आमच्या घरात या शब्दाला दुसरा अर्थच नाही. तुमच्याही घरात नाही, असं त्यांनी धरलं. तुम्ही लहानपणी शाळेसाठी अमरावतीला आत्याकडे वाढलात, हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार?

आता ती ओळ पुन्हा वाचा. आणि तिच्या वरच्या ओळीही वाचा, ज्या तुम्ही बारा वर्षांत वाचल्या नसाव्यात. 'कानशीच्या तुकड्यातून अर्ध्या तासात किल्ली! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.' रागावलेला माणूस असं लिहितो का?

आणि ते तुमच्याशी कमी का बोलायला लागले, तेही सांगते. म्हणायचे, "दादाचे कान गेले. फोनवर त्याच्याशी ओरडून बोलावं लागतं, लाजतो तो. नको त्रास द्यायला." तुम्ही सोयीसाठी बहिरे झालात आणि ते तुमच्या सोयीसाठी गप्प झाले. मला खरंच राग आलाय. एक शब्द होता. विचारायचा होता की!

पाठ मी घासणार नाही. तन्वीचंही तेच म्हणणं. ती म्हणते, बाबांच्या घड्याळावर काकांची सही आहे.

तिसरा स्क्रू अजून हलत नाही. खाच जरा झिजल्यासारखी दिसते, मी थांबले आहे.

तुमची,
नलिनी


भोपाळ,
४ ऑक्टोबर २०२४

चि. नलिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो आणि उठलो.

अठ्ठावन्न वर्षं मी या गावात आहे. कारखान्यात, हाटात, रिक्षात लोक 'कोशिश' म्हणतात. चेष्टा ही शाळेच्या पुस्तकातली हिंदी, आणि ती शाळा त्याची होती, माझी नव्हती. पण हा बहाणा झाला. खरं म्हणजे चोराच्या मनात चांदणं. मी ओरखडा घेऊन बसलो होतो, मला दुसरा अर्थ दिसणारच नव्हता. त्याच्या पत्रातल्या वरच्या ओळी मी खरंच वाचल्या नव्हत्या. काल वाचल्या, भिंग लावून. मनोरमाला मोठ्यानं वाचून दाखवल्या. किती मोठ्यानं ते शेजारच्यांना विचार.

माझा भाऊ माझं कौतुक करून गेला आणि मी बारा वर्षं त्याच्या रागाला घाबरत बसलो. याचं दुःख आता राहील. पण ते हलकं आहे, मला उचलता येतं.

तिसऱ्या स्क्रूला हात लावू नकोस. कंपनीवाले आत गोंद घालतात, तो ऊब दिल्याशिवाय सुटत नाही, आणि खाच एकदा गेली की गेली. नवं पातं मी इथून मापाचं घेतलंय. विकतचं, चांगलं. घरी घासलेलं नाही. काढलेल्या कड्या जपून ठेव, पोरीचं मनगट कायम एवढं राहणार नाही.

तिकिटं काढली आहेत. दोघांची, लग्नाच्या आठ दिवस आधीची. भिंग मी माझं आणीन. तू दिवा धर, तन्वीला फुगा धरू दे, रबरी. तो स्क्रू मी काढायची चेष्टा करीन.

विलासदादा